समुद्र, मासे आणि तिसरी घंटा: सहा दिवसांत बसेल का?

अमरावतीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात देते:

«घरात आम्ही चौघं. मी, हे, १९ वर्षांची मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. जानेवारीत सगळ्यांना एकदम मोकळे असे सहा दिवस मिळताहेत. सासूबाईंनी आजवर समुद्र पाहिलेला नाही. मुलगी कॉलेजात एकांकिका करते, तिला मुंबईत नाटकं बघायची आहेत. ह्यांना ताजे मासे खायचेत, मला मुंबईत हिंडून खायचंय. हे म्हणतात, एक काहीतरी ठरवा, कोकण नाही तर मुंबई. दोन्ही धरलं तर दोन्ही अर्धवट राहील. सासूबाई शाकाहारी आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. माहेर लाखांदूरकडचं, मोठ्या शहराची सवय नाही. आम्ही नाटकाला जाऊ तेव्हा त्यांना हॉटेलवर आराम करू द्यावा का? काय करावं सुचत नाही.»

नमस्कार ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचे प्रश्न वेळापत्रकाचे आहेत आणि हा माणसाचा आहे. सासूबाईंना हॉटेलवर ठेवू नका. त्यांना नाटकाला न्याच, आणि चांगल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसवा.

लाखांदूरकडचं माहेर असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे. लाखांदूर म्हणजे झाडीपट्टी, पूर्व विदर्भातला धानाचा मुलूख. दिवाळी सरली आणि धान घरात आलं की तिकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक असतं. वडशाहून कंपन्या येतात, रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालतं. पेटी-तबला रंगमंचाशेजारी, अंगावर घोंगडी-चादर घेतलेली सगळी पंचक्रोशी समोर. ज्या बाईचं लहानपण त्या मुलखात गेलं, तिने कदाचित तुम्हा तिघांपेक्षा जास्त नाटकं पाहिली असतील. त्यांना शहराची सवय नसेल, नाटकाची नक्की असेल. तुमच्या मुलीला हे माहीत आहे का? नसेल तर रेल्वेत आजीला विचारायला सांगा. मुंबईतलं नाटक बघण्याआधी झाडीपट्टीतली रात्र आजीच्या तोंडून ऐकणं एकांकिका करणाऱ्या मुलीला फार उपयोगी पडेल.

आता तुमच्या यजमानांची शंका. ती अगदी रास्त आहे. सहा दिवसांत गणपतीपुळे, मालवण आणि मुंबई असं कोणी धरलं तर सगळा वेळ गाडीतच जाईल. पण कोकण म्हणजे तळकोकणच असं कोणी सांगितलं? गेटवे ऑफ इंडियावरून बोटीत बसलं की साधारण तासाभरात मांडवा येतं. तिथून अलिबाग वीस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि गेटवेच्या बोटवाल्यांच्या तिकिटात पुढची अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. मुंबईच्या समोरचाच किनारा आहे तो. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड ही सगळी एकाच पट्ट्यात ओवलेली गावं. तुमच्या सहा दिवसांना एवढा किनारा भरपूर आहे. हरिहरेश्वर, दिवेआगर ह्या खेपेला सोडून द्या.

माझं सांगणं एवढंच की ह्या सहलीत दोन गोष्टी तुमच्यासाठी थांबणार नाहीत, एक भरती-ओहोटी आणि दुसरी नाट्यगृहातली तिसरी घंटा. ह्या दोन वेळा आधी पक्क्या करा. खाणं, राहणं, फिरणं त्यांच्याभोवती आपोआप बसतं. बहुतेक जण उलटं करतात. आधी हॉटेल ठरवतात, मग किनाऱ्यावर पोचल्यावर किल्ल्यात जायची वाट पाण्याखाली गेलेली असते आणि दादरला पोचल्यावर प्रयोग कालच होऊन गेलेला असतो.

नाटकाचं गणित सोपं आहे. मराठी व्यावसायिक नाटकांचे प्रयोग मुख्यतः शनिवार, रविवार आणि सुट्ट्यांना लागतात, आणि नेमका त्याच दोन दिवशी मुंबईकर अलिबागकडे धावतो. शनिवारी सकाळी गेटवेला बोटीची रांग बघितली तर तुमचे यजमान तिथूनच परत फिरतील. म्हणून तुम्ही मुंबईकरांच्या उलट चाला. सोमवारी रात्री अमरावतीहून अमरावती-मुंबई एक्सप्रेस धरा, मंगळवारी पहाटे-सकाळी मुंबईत उतरा आणि तडक पलीकडे जा. मंगळवार, बुधवार, गुरुवार किनाऱ्यावर. ह्या दिवसांत खोल्या मोकळ्या असतात, दरही उतरलेले असतात आणि काशीदच्या वाळूवर गर्दी नसते. शुक्रवारी सकाळच्या बोटीने परत मुंबईत. शुक्रवार-शनिवारची रात्र दादरला काढा, आणि रविवारी रात्रीच्या गाडीने घरी.

मंगळवारी सकाळी गाडीतून उतरून थेट बोटीकडे पळू नका. सीएसएमटीपासून टॅक्सीने पाच-दहा मिनिटांवर धोबीतलावला कयानी हे इराण्याचं हॉटेल आहे, १९०४ सालचं. उंच छत, जुन्या लाकडी खुर्च्या, चौकड्यांचे टेबलक्लॉथ. ब्रून मस्का आणि चहा मागवा. ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव. तो तसाच चावायला गेलं तर सासूबाईंचे दात दुखतील. चहात बुडवला की कवच मऊ पडतं, लोणी विरघळून चहावर पिवळे थेंब तरंगतात, तेव्हा खायचा. एक मात्र लक्षात ठेवा: इराण्याकडच्या मावा केकमध्ये अंडं असतं. सासूबाईंच्या ताटलीत तो चुकून जाऊ देऊ नका, कारण नाव ऐकून तो खव्याची मिठाई वाटतो.

मग गेटवे. इथे गुडघ्यांचा विचार करायला हवा. गेटवेला दगडी पायऱ्या उतरून डुलणाऱ्या बोटीत पाय टाकावा लागतो. बोटीवरची पोरं हात देतात, वयस्कर माणसांना जपून घेतात, पण सासूबाईंना पायऱ्यांची भीतीच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट घ्या. २०२० पासून ती सुरू आहे. बोट मोठी, गाड्यासुद्धा तिच्यात चढतात, त्यामुळे उतारावरून चालत आत जाता येतं आणि हेलकावेही कमी जाणवतात. गुडघे बरे असतील तर मात्र माझा कौल गेटवेलाच. हिवाळ्यात बोट सुटली की कुरव पक्ष्यांचा थवा मागे लागतो. पांढरेशुभ्र पक्षी कठड्याच्या हातभर अंतरावर, बोटीच्याच वेगाने हवेत तरंगत असतात, मान वळवून आपल्याकडे बघतात. लोक त्यांना कुरकुरे, गाठ्या फेकतात. तुम्ही फेकू नका. तळलेलं-खारवलेलं हे त्यांचं अन्न नव्हे, आणि नुसतं बघण्यातही तेवढाच आनंद आहे. बसायला वरचा डेक मिळाला तर उत्तम. सासूबाईंना कानाला मफलर आणि रिकाम्या पोटी बसवायचं नाही, एवढं पाळा.

राहायला अलिबाग शहरापेक्षा नागाव किंवा रेवदंड्याकडचं घरगुती निवासस्थान बघा. नारळी-पोफळीच्या वाडीत दोन-चार खोल्या, मागच्या दाराने पाच मिनिटं चाललं की समुद्र, अशी बरीच घरं तिथे आहेत. तळमजल्याची खोली मागून घ्या. गेटवेला दिसतं ते बंदराचं पाणी, त्यात जहाजं, समोर डोंगर. क्षितिजापर्यंत काहीच नसलेला समुद्र सासूबाईंना नागावला दिसेल. पहिल्या दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठरवूच नका. ओहोटी असेल तर ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी पसरलेली दिसेल, मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या. चिमुकले खेकडे वाळूतलं अन्न खाऊन उरलेल्या वाळूच्या त्या गोळ्या करून ठेवतात, आणि आपली सावली पडली की टपाटप बिळात शिरतात. सासूबाईंना सुरूच्या झाडाखाली एक प्लास्टिकची खुर्ची मागून द्या आणि घाई करू नका. पाण्यात पाय बुडवायचे असतील तर दोघी दोन बाजूंनी धरा. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढली जाते आणि पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याचा तोल तिथेच जातो.

आता भरती-ओहोटी. अलिबागचा कुलाबा किल्ला भर पाण्यात आहे, पण पूर्ण ओहोटीला किनाऱ्यावरून चालत किंवा घोडागाडीतून तिथे जाता येतं. शिवाजी महाराजांनी १६८० साली त्याचं काम सुरू केलं, पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. आत १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. सासूबाईंना हा किल्ला घोडागाडीतून नक्की दाखवता येईल, फक्त वेळ साधली पाहिजे. कोकणातले लोक त्यासाठी एक तोंडी हिशेब करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊ. शुद्ध असो वा वद्य, तृतीया ते पंचमी ह्या तिथींना सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान पाणी ओसरतं, ऊन चढलेलं नसतं, आणि अमावस्या-पौर्णिमा नुकती होऊन गेलेली असल्यामुळे पाणी चांगलं दूर जातं. सप्तमी-अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते आणि पाणी पुरतं हटत नाही, गुडघाभर राहू शकतं. तेव्हा कॅलेंडर उघडा, जानेवारीतल्या ज्या आठवड्यात मंगळवार ते गुरुवारमध्ये ह्यांतली एखादी तिथी सापडेल तो आठवडा धरा. नाहीच सापडली तरी बिघडत नाही. भरतीला होड्या चालतात, आणि किनाऱ्यावरूनही किल्ला सुरेख दिसतो. हा हिशेब अंदाजाचा आहे. त्या दिवशी घोडागाडीवाल्यांना नेमकी वेळ विचारायचीच, आणि ते «चला आता, पाणी येतंय» म्हणाले की फोटो अर्धवट सोडून निघायचं. पाणी बाजूंनी भरत येतं, समोरून दिसतं त्यापेक्षा लवकर.

कुलाब्यावरून परत येताना किनाऱ्यालगत चुंबकीय वेधशाळा लागते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाबा भागातल्या वेधशाळेतली चुंबकीय नोंदींची उपकरणं १९०४ पासून अलिबागला आणली गेली, कारण विजेच्या तारांनी नोंदी बिघडल्या असत्या. मुंबई आणि अलिबागचं नातं फार जुनं आहे, एवढं तुमच्या यजमानांना सांगा.

तिसऱ्या दिवशी एक गाडी करून दक्षिणेला जा. रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. डोंगराच्या सोंडेवर पोर्तुगीजांचा किल्ला आहे, आणि खालच्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी मिसळून तयार झालेली एक बोली आजही घरात बोलली जाते. तुमच्या मुलीला किल्ला चढू द्या, तुम्ही दीपगृहाजवळ थांबा. पुढे काशीद. किनारा देखणा आहे, वाळू पांढुरकी, पण पाण्याला ओढ आहे आणि तिथे माणसं बुडाली आहेत. घोट्यापलीकडे कोणी जायचं नाही, हे आधीच घरात ठरवून घ्या.

जंजिऱ्याबद्दल माझं मत ठाम आहे: सासूबाईंनी आत जाऊ नये. राजपुरीहून शिडाच्या होडीतून जायचं, आणि किल्ल्याच्या दरवाजाशी हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकायचा. तरुण माणसालाही तिथे हात धरावा लागतो. तुम्ही तिघांपैकी दोघं जा, एक जण सासूबाईंजवळ राजपुरीच्या किनाऱ्यावर थांबा. किनाऱ्यावरून तट पूर्ण दिसतो. होडीत बसलेल्यांना मात्र एक गोष्ट जास्तीची मिळते: अगदी जवळ जाईपर्यंत तटात दरवाजा कुठे आहे ते कळतच नाही, आणि होडी वळली की अचानक समोर येतो. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, पुढे पेशवे, सगळ्यांनी प्रयत्न केले तरी सिद्दींचा हा किल्ला हाती लागला नाही, त्याचं एक कारण तिथे डोळ्यांना दिसतं.

मासे. यजमानांसाठी बोंबील, मांदेली, सुरमई मिळेलच, पण अलिबाग भागात जिताडा विचारा. खाडीत आणि खारेपाटातल्या तळ्यांत होणारा हा मासा तिकडचे लोक पाहुण्यासाठी राखून ठेवतात. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगावं लागतं. तुम्ही विदर्भातली माणसं, तिखटाची सवय वेगळी. इथलं कालवण नारळाचं, आंबट-तिखट, सावजीसारखं अंगावर येत नाही. पहिल्या घासाला फिकं वाटेल, दुसऱ्या दिवशी जिभेला लागेल. सासूबाईंसाठी वेगळ्या भांड्यात करायला आधीच सांगा आणि त्यांचं ताट गरिबीचं होऊ देऊ नका. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, घावन, उकडीचे मोदक, सोलकढी: रायगडातलं शाकाहारी जेवण माशांच्या सावलीत राहतं, पण मला ते जास्त आवडतं. सोललेल्या मोडाच्या वालाला जी किंचित कडसर चव असते, ती नारळाच्या दुधात आणि गुळात मिसळली की काय होतं ते सासूबाईंना एका घासात कळेल.

आणि जानेवारीत जाताय तर पोपटी सोडू नका. हा रायगडचा हिवाळी प्रकार. मडक्याच्या तळाला आणि तोंडाशी भांबुर्डीचा पाला दाबायचा, मध्ये वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, कांदे. मांसाहारी असेल तर अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी. मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा, गोवऱ्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब घालत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासाने मडकं उलटलं की भांबुर्डीचा उग्र, ओव्यासारखा वास आधी येतो आणि मग शेंगा दिसतात, हिरव्या-काळपट, सालीवर सुरकुत्या पडलेल्या. शाकाहारी आणि मांसाहारी अशी दोन मडकी लावायला सांगा. यजमानांना हुरड्याची आठवण होईल. अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीपासून बाजारात दिसू लागतो. वेणीसारख्या माळा रस्त्याच्या कडेला टांगलेल्या दिसल्या तर एक घ्या, पण खरा अलिबागचाच आहे का ते विचारून.

शुक्रवारी सकाळची बोट धरून गेटवेला या. सामान घेऊन दादर गाठण्याआधी दुपारचं जेवण बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियामध्ये घ्या. १९२३ पासून चालू असलेलं हे पारशी-इराणी हॉटेल, दुपारपुरतंच उघडं असतं. बेरी पुलाव मागवा. इराणहून येणारी लाल, आंबट, मनुक्याहून बारीक बोरं भातावर पेरलेली असतात. शाकाहारी पुलावही मिळतो. शेवटी येणाऱ्या कॅरमल कस्टर्डमध्ये अंडं असतं, सासूबाईंना सांगा. संध्याकाळी मुलगी आणि तुम्ही चर्चगेटला के. रुस्तमचं दोन पातळ बिस्किटांमधलं आइस्क्रीम घेऊन मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसा. ते भराभर वितळतं, रुमाल जवळ ठेवा.

एलिफंटा, राणीची बाग, हँगिंग गार्डन असं काही ह्या यादीत घालू नका. मुंबई बघायला पुन्हा याल. ह्या खेपेला मुंबई नाटकासाठी आणि पोटासाठी.

नाटकांच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत येतात, शनिवार-रविवारच्या अंकांत विशेष. निघण्याच्या आठवडाभर आधी त्या बघायला लागा. तिकिटं बुकमायशोवर मिळतात, मराठी नाटकांसाठी तिकीटालय नावाचं ॲपही आहे, आणि नाट्यगृहाची खिडकी आहेच. शनिवारी दुपारचा प्रयोग चौघांनी मिळून बघा. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत नाट्यमंदिर आणि प्रभादेवीचं रवींद्र नाट्यमंदिर ही तिन्ही दादरला राहिलात तर हाकेच्या अंतरावर आहेत. जिने किती, लिफ्ट आहे का, हे खिडकीवर फोन करून विचारून घ्या. संगीत नाटकाचा प्रयोग त्या आठवड्यात लागला असेल तर बाकी सगळं सोडून तेच घ्या, सासूबाईंसाठी. नाही तर दोन-तीन पात्रांच्या गंभीर नाटकापेक्षा भरल्या घराचं, हसतं-खेळतं नाटक निवडा. मध्यंतरात बटाटेवडा खायचा. शिवाजी मंदिराचा वडा नाटकाइतकाच प्रसिद्ध आहे, त्यामुळे पडदा पडताच एकाने उठून रांगेत उभं राहायचं, तेही यजमानांनी. प्रयोग संपल्यावर लगेच निघू नका. आपल्याकडे प्रेक्षक आत जाऊन कलाकारांना भेटतात, ही फार सुंदर रीत आहे. मुलीला आत पाठवा, आजीबरोबर. मेकअप अर्धा उतरवलेल्या नटाने नमस्कार केला की दोघींनाही तो चेहरा कायमचा लक्षात राहील.

मुलीला एक वेगळा प्रयोग दाखवा. जुहूचं पृथ्वी थिएटर, १९७८ सालचं. जेमतेम दोनशे प्रेक्षकांची जागा, आणि रंगमंच प्रेक्षकांच्या मध्ये घुसलेला, तीन बाजूंनी माणसं बसलेली. कॉलेजात पडद्याआडून प्रवेश घेणाऱ्या मुलीने हे एकदा बघावं, कारण तिथे नटाला लपायला जागा नसते. सगळ्या भाषांतली नाटकं लागतात. त्या दिवशी हिंदी असलं तर हिंदी बघा. तिथे उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत. दादरहून जुहूला जायला संध्याकाळी किती वेळ लागेल ह्याचा भरवसा नाही, म्हणून लोकलने पार्ल्यापर्यंत जा आणि तिथून रिक्षा करा, आणि अर्धा तास आधी पोचा. हा प्रयोग शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री फक्त बापलेकींनी बघावा. एका दिवसात दोन नाटकं सासूबाईंना जड जातील, आणि तुम्हालाही एक संध्याकाळ पाय पसरून बसायला मिळेल.

दादरमध्ये खाण्याची चिंता करायला नको. शनिवारी सकाळी प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष, म्हणजे श्रीखंडाच्या चवीचं दाट गोड पेय, घ्या. वड्याबरोबरची चटणी मागून घ्या, आणि पियुष शेवटी. सेनाभवनासमोर आस्वादमध्ये मिसळ, थालीपीठ, आणि सासूबाईंना हवं ते सगळं मिळेल. छबिलदास शाळेच्या गल्लीतला वडा उभ्याने खाताना मुलीला सांगा की ह्याच शाळेच्या सभागृहात १९७०च्या दशकात मराठी प्रायोगिक रंगभूमी उभी राहिली. आज जे ती एकांकिकेत करते, त्याच्या कितीतरी वाटा त्या छोट्या सभागृहातून निघाल्या आहेत. रात्री यजमानांसाठी दादरलाच मालवणी-गोमंतकी जेवणाची हॉटेलं आहेत, तिथे चौघं एकत्रच बसा. सासूबाईंना माशाचा वास सोसत नसेल तर दोन गट करा आणि त्यात वाईट वाटून घेऊ नका.

रविवारी जेवण माटुंग्याला, स्टेशनला लागून असलेल्या रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये. १९४२ पासून चालू आहे. केळीच्या पानावर वाढतात, रसम वाटीतून पिऊन टाकायचं आणि पुन्हा मागायचं. सासूबाईंना इथे काही विचारावं लागणार नाही, सगळं शाकाहारी.

रविवारी आणखी एक नाटक बघायचा मोह होईल. सकाळचा प्रयोग मिळाला तरच बघा. चारचा प्रयोग सात वाजेपर्यंत जातो आणि मग गाडी गाठताना जीव टांगणीला लागतो. शिवाय रविवारी लोकलवर मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या. कोणत्या मार्गावर, किती वेळ, ते शनिवारच्या पेपरात बघून ठेवा. भुयारी मेट्रो आता सीएसएमटी, सिद्धिविनायक, दादर अशी जाते, लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, सासूबाईंना लोकलपेक्षा ती बरी पडेल. परतीच्या गाडीला दादरलाच चढा, सीएसएमटीपर्यंत उलटं जाऊ नका, आणि तिकीट काढतानाच बोर्डिंग दादर टाका.

म्हणजे आता क्रम असा लावा: आज कॅलेंडर बघून आठवडा ठरवा, लगेच रेल्वेची जाता-येताची तिकिटं काढा, सासूबाईंना खालचा बर्थ मागून. मग नागावची खोली. नाटकाची तिकिटं जाहिरात आली की त्याच दिवशी. जिताड्याचं आणि पोपटीचं घरमालकांना फोनवरच सांगून ठेवा, मडकं आणि पाला आणायला त्यांना एक दिवस लागतो.